वत्सलामावशीच्या अंगठ्याचं नख

वत्सलामावशीच्या उजव्या अंगठ्याचं नख बाकीच्या नखांसारखं नव्हतं. जाड, पिवळसर, टोकाशी सरळ कापल्यासारखं. एसटीत यंत्रं येण्याआधी कंडक्टरांकडे तिकिटांच्या गड्ड्या असायच्या. त्यांतून तिकिटं फाडून फाडून ते तसं झालं होतं. पुढे यंत्र आलं, नख राहिलं. मग ती त्या नखानं उरलेलं जग फाडू लागली. पेरू, बिस्किट, गुळाचा खडा, अंगाच्या साबणाची वडी. हातात येईल त्याचे दोन तुकडे करायचे, एक समोरच्याच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "दोघींत होते." म्हणजे दोघींना पुरतं.

"घेतेस का?" असं ती विचारत नसे. तुम्ही घेणार हे तिनं ठरवलेलं असे.

वणीत तिचं आणि आमचं घर एकाच ओळीत, कोळशाच्या रस्त्याला लागून. ट्रक गेला की भांडी वाजायची. दोरीवरचं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, मी आणि आई घड्या घालायचो. 'मुर्दाबाद' हा शब्द मला पहिलीतच बिनचूक लिहिता येत होता. त्या पत्रकांतली समता वाचूनच मी मोठी झाले, पण खरी पाहिली ती शेजारी. मावशीचा नवरा खाणीत होता, तो लवकर गेला. मुलगी लग्न होऊन चंद्रपूरला. मावशीनं एकटीनं नोकरी केली, आणि एकटीनं काही खाल्लेलं मला आठवत नाही.

मी कॉलेजात भाषणं ठोकू लागले तेव्हापासून तिनं माझं नाव 'भाषणवाली' ठेवलं. दारात दिसले की म्हणायची, "आली माय भाषणवाली. बस. आज कोणाले पाडाचं हाय?"

वणी–यवतमाळ गाडीवर तिची ड्युटी असली की मी मुद्दाम त्याच गाडीनं जायचे. बाजाराच्या दिवशी मारेगावला गाडी खचाखच भरायची. एकदा इस्त्रीच्या कपड्यातले एक साहेब दोघांच्या सीटवर मध्यभागी बॅग ठेवून बसले होते. मावशीनं बॅग उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि कडेवर लेकरू असलेल्या बाईला म्हणाली, "बस वं. तिघांत होते."

"ही दोघांची सीट आहे," साहेब म्हणाले.

"हाव ना. पण तुमी दीड जागा घेऊन राह्यले. तिकीट एकच काढलं, मी काही बोलली का?"

सगळी गाडी हसली. साहेबही हसले, सरकले. मी तेव्हा मनात म्हटलं, आमच्या दहा पत्रकांनी जे होत नाही ते ही बाई एका बॅगेत करते.

पण रस्त्यांनी तिची कंबर खाल्ली. उभ्यानं, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं तिकिटं देत तिनं खड्ड्यांवर आयुष्य काढलं होतं. शेवटी कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कळ जायला लागली. मणक्यातली चकती सरकून शीर दबली होती. डेपोतल्या साहेबांनी तिला टेबलाचं काम घ्यायला सांगितलं. ती घरी येऊन माझ्यावरच भडकली.

"टेबलावर बसवून राह्यले मले! पिंजऱ्यात ठेवाले मी काय पोपट हाय? उभीच निवृत्त होईन मी. गाडीतूनच उतरीन."

निवृत्ती फार लांब नव्हती. तेवढं तिला हवं होतं. शेवटच्या दिवशी आपल्या पायांनी गाडीच्या पायरीवरून उतरायचं.

यवतमाळच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला ट्रामाडॉलची गोळी दिली. साधी नव्हे, पोटात हळूहळू सुटणारी. एक सकाळी, एक रात्री. त्या दिवशी दवाखान्यात इतकी गर्दी होती की डॉक्टर बोलत असतानाच पुढचा पेशंट आत आला होता. डॉक्टर काय म्हणाले ते मावशीला एवढंच आठवत होतं, "जेवल्यावर घ्या, पाणी भरपूर प्या." औषधाच्या दुकानदारानं मागितल्या तेवढ्याच गोळ्या पट्टीतून कात्रीनं कापून दिल्या. पट्टीच्या मागे लाल चौकटीत ज्या सूचना असतात, त्यांतलं अर्धंमुर्धं वाक्य तिच्या वाट्याला आलं. बाकीचं वाक्य कुण्या दुसऱ्याच्या खिशात गेलं असणार. त्यावर माझा राग आजही गेलेला नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं.

गोळीनं कळ थांबली. पहिल्या आठवड्यात मावशी नव्या नवरीसारखी हिंडत होती. मग एकेक सुरू झालं. तोंड कोरडं पडायचं, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. शौचाला होईना. अंग खाजायचं. उठून उभी राहिली की भिंत धरावी लागे.

"भिंत फिरून राह्यली का वं?" ती मला विचारायची. "नाई? मग मीच फिरून राह्यली."

हे सगळं तिनं हसण्यावारी नेलं. झोप मात्र हसण्यावारी नेता येईना. दुपारच्या फेरीत डोळे मिटायला लागले. एसटीत घंटीचा एक टोला म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. एके दिवशी करंजीच्या थांब्यावर एक म्हातारे बुवा उतरत होते, त्यांचा एक पाय पायरीवर आणि एक हवेत, आणि मावशीच्या हातानं दोरी दोनदा ओढली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं म्हणून लगेच ब्रेक दाबला. बुवा रस्त्यावर गुडघ्यांवर आले, धोतर फाटलं, खरचटलं. एवढ्यावर निभावलं. मावशीनं खाली उतरून त्यांचे पाय धरले. बुवाच म्हणाले, "असू दे बाई, उन्हाचं होते असं."

घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहत राहिली.

"उनाचं नोहतं थे," ती म्हणाली. "गोळीचं होतं. गोळी घेतली तं डोळा लागते. नाई घेतली तं पाय उचलत नाई. सांग आता. तुह्या पत्रकात काही हाय का यावर?"

नव्हतं. मी म्हटलं डॉक्टरांना विचारू. यवतमाळला जायचं म्हणजे रजा, आणि रजा मागितली की टेबलाचा विषय पुन्हा निघणार. तिनं स्वतःच तोड काढली, तिच्या स्वभावातली. तिनं गोळी अर्धी केली.

नखानं मध्यभागी दाब दिला आणि टक्‌कन दोन तुकडे. अर्धा आता, अर्धा लागला तर नंतर. अर्ध्या गोळीत औषध अर्धं, म्हणजे झोप अर्धी. यात कुणाला काय चूक दिसेल? मी समोर होते, मलाही दिसली नाही. आमच्याकडे गोळी अर्धी करणं हे काळजीचंच लक्षण समजतात. लेकराला ताप आला तर अर्धी, म्हाताऱ्याला सोसत नसेल तर अर्धी.

असे महिने गेले, पण झोप कमी झाली नाही. उलट तुकडा घेतल्यावर थोड्याच वेळात डोकं जड व्हायचं, मळमळायचं, आणि दुपार टळायच्या आधी कळ परत हजर. ती म्हणायची, "गोळी कमजोर निघाली बाई." मग दुसरा तुकडा. कधी तो तुकडा तसाच राहायचा, आणि मावशीच्या घरात राहिलेला तुकडा कुणाच्या तरी हातावर जाणारच.

तो गिरजाकाकूंच्या हातावर गेला.

गिरजाकाकू म्हणजे मावशीच्या भिंतीपलीकडच्या. वयानं मोठ्या, अंगानं काडी, एकट्या राहायच्या. दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून दिवसभर वाट्या इकडून तिकडे जायच्या. काकूंचे गुडघे गेले होते. नवरा वारल्यापासून त्या रात्री झोपेची गोळी घेत, आणि कधीकधी दुपारीही, एकटेपणा जास्त झाला की. त्या दिवशी मावशीला सुट्टी होती. काकू भिंतीला टेकून रडकुंडीला आल्या होत्या.

"वत्सले, गुडघ्यात कोणी सुया टोचून राह्यलं माय. तुही थे गोळी कशी हाय?"

"लई चांगली हाय. घे. दोघींत होते."

काकूंना गोळी गिळता येत नसे. त्यांनी तो तुकडा दगडावर ठेचला आणि गुळात मिसळून खाल्ला.

तिसऱ्या प्रहरी मावशी वाटी परत द्यायला गेली तर काकू बाजेवर आडव्या. घोरत होत्या, पण ते घोरणं नेहमीचं नव्हतं. एक श्वास यायचा, आणि दुसरा कधी येईल याची वाट पाहावी लागायची. ओठ जांभळे. मावशीनं हाक मारली, हलवलं, गालावर मारलं. मग तिनं मला अशी हाक मारली की रस्त्यावरचा ऑटोवाला न बोलावता थांबला.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांनी काय घेतलंय?"

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, ती क्षणभर थांबेल. आपण असतो तर थांबलो असतो. नोकरी, पोलीस, शेजार, सगळं डोळ्यांपुढून गेलं असतं. ती थांबली नाही. कनवटीचा कापलेल्या पट्टीचा तुकडा काढून तिनं टेबलावर ठेवला.

"मी देल्ली गोळी. माही. अर्धी देल्ली, हिनं ठेचून खाल्ली. झोपेची बी गोळी खाते हे. घरी हाय थे पाकीट, आणू का?"

डॉक्टरीणबाईंनी पट्टी वाचली आणि पळापळ सुरू झाली. ऑक्सिजन लागला, सुई लागली. बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे उघडले आणि "चहा झाला का" असं विचारलं. मावशी तिथेच फरशीवर खाली बसली.

नंतर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समजावलं. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, "ही गोळी अख्खी गिळली की बारा तास थोडी थोडी सुटते. ती बांधलीच तशी असते. तोडली, चावली, ठेचली की बांध फुटतो. मग अर्ध्या गोळीतलं सगळं औषध एकदम अंगावर येतं. तुम्हाला या गोळीची सवय झालेली, त्यांना नाही. त्यात वय, त्यात झोपेची गोळी. दोन्ही मिळून श्वासच मंदावतो. दारूसोबतही हेच होतं. आणि मावशी, एकाला लिहून दिलेली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. दुखणं सारखं दिसलं तरी माणूस सारखं नसतं."

मावशी एकच बोलली. "म्हणजे मी कमी करून राह्यलती, थे जास्त होत होतं."

"हो."

"गाडीत बी?"

"हो."

परत येताना ऑटोत ती आपला अंगठा मुठीत धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या गोळ्या नालीत फेकल्या. मला अभिमान वाटला! मी तिला तसं म्हटलंही. आमच्या पत्रकांमध्ये असंच असतं, माणूस एका झटक्यात बेड्या तोडतो. पण मावशीचं अंग पत्रकं वाचत नव्हतं. दोन दिवसांत तिला दरदरून घाम सुटला, नाक गळायला लागलं, पोटात पिळे. पाय स्थिर राहीनात, बाजेवर पडल्या पडल्या सायकल चालवल्यासारखे हलत. कमरेची कळ तर दुपटीनं आली. बाहेर ट्रक गेला की बाज हादरायची आणि ती दात आवळायची.

"मले सोडून नाई राह्यली थे," ती म्हणाली. "मी सोडली, पण थे सोडत नाई."

यवतमाळचे डॉक्टर या वेळी नीट बोलले, कारण मी खुर्ची सोडली नाही. ते म्हणाले, महिनोन्‌महिने घेतलेली अशी गोळी एकदम बंद करायची नसते, शरीर तिला धरून बसलेलं असतं. ती पायरी पायरीनं उतरवायची, आणि पायरी डॉक्टर ठरवणार, पेशंट नाही. कमी ताकदीची गोळी येते, ती अख्खी घ्यायची. पोट साफ राहायचं औषध सोबत. व्यायाम. आणि गोळी चालू आहे तोवर चालत्या गाडीत ड्युटी नको.

म्हणजे टेबल. म्हणजे पिंजरा. मावशीनं मान हलवली. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती प्रवाशासारखी खिडकीशी बसली. करंजी आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, आणि ती झोप नव्हती.

मी पेटले होते. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. घाईघाईत बोलणारे डॉक्टर, सूचना कापून टाकणारी कात्री, बाईच्या कमरेचा बळी घेणारे रस्ते, साध्या गुडघ्यासाठी यवतमाळ गाठायला लावणारी आरोग्यसेवा. एकेक वाक्य असं होतं की बाबांनी पाठ थोपटली. मी ते मावशीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बेस हाय. पण यात मी कुठं हाय?"

"आहेस की. बळी गेलेली कामगार स्त्री म्हणजे तूच."

"बळी गिरजाबाई जात होती. मी तं गोळी तोडणारी. थे काहून नाई लिहिलं?"

"मावशी, चूक तुझी नाही. व्यवस्थेची आहे."

"व्यवस्थेले अंगठा नाई भाषणवाली. गोळी मी तोडली." तिनं कागद हातात घेतला. "तू लिहिलं थे खरं हाय. थे राहू दे. पण हा कागद वाचून कोण्या बाईनं उद्या गोळी तोडली नाई पायजे. तुहा कागद वाचून लोक चिडतील, मग घरी जाऊन अर्धी गोळी शेजारणीले देतील."

मी वाद घातला. म्हटलं, असं लिहिलं की सगळा दोष गरिबावर जातो, मोठे सुटतात. हे मला अजूनही खरं वाटतं. तिचंही खरं होतं. शेवटी पत्रकाच्या डोक्यावर, माझ्या सगळ्या आगीच्या वर, जाड अक्षरात तिच्या ओळी गेल्या: गोळी तोडू नका, ठेचू नका, वाटू नका. एकदम सोडूही नका. पट्टी अख्खी मागा आणि डॉक्टरला दाखवा. त्याखाली तिनं स्वतःचं नाव घालायला लावलं, 'ही चूक करणारी, वत्सला, कंडक्टर'.

खरी परीक्षा त्यानंतर झाली, आणि ती पत्रकावर नाही, भिंतीवर झाली. काकू बऱ्या झाल्या, पण गुडघे तेच होते. एका सकाळी त्या भिंतीशी आल्या.

"वत्सले, थोडासा तुकडा दे ना. नखाएवढा. त्या दिवशी गुडघे गप झालते बघ. मरणाचं राहू दे, गप झालते."

मावशी आता गोळ्या कुलपाच्या डबीत ठेवायची आणि किल्ली पदराला बांधायची. मी अंगणात उभी होते. मावशीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. समोर दुखणारं माणूस, आपल्याजवळ औषध, आणि हात पुढे करायचा नाही. तिच्या अख्ख्या आयुष्यानं तिला हेच एक शिकवलं नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. "हे दोघींत होत नाई."

"मले नाई म्हणतं तू?"

"चाल, डॉक्टरकडे नेतो तुले. मी येतो संग. तुह्या नावाची गोळी आणू."

"मले कुठं चढवतं गाडीत! गुडघे हाय का मले?" काकूंचा आवाज फाटला. "आपल्यासाठी डबीत कुलूप लावून ठेवलं, अन् मले नाई. राहू दे. तुही वाटी बी घेऊन जा."

वाटी भिंतीवर आपटली गेली. त्या दिवसापासून भिंतीवरून काही येईना. मावशी वाटी ठेवायची, ती संध्याकाळपर्यंत तशीच. ट्रकची धूळ त्यावर बसायची. मावशी कमरेला हात लावून ती उचलायची, विसळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

मी नोकरीसाठी यवतमाळला राहायला निघाले, तेव्हा स्टँडवर तिला शेवटचं पाहिलं. चौकशीच्या खिडकीत बसली होती. पुढ्यात जाळी, हातात माइक, कमरेला पट्टा. जाळीतून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"ये भाषणवाली. पाह्य तुहा पोपट."

तिनं पिशवीतून पेरू काढला. अंगठ्याचं नख मधोमध रुतलं. अर्धा पेरू जाळीखालून माझ्याकडे आला. उरलेला तिनं खाल्ला नाही, कागदात बांधला.

"गिरजाबाईले."

"घेते का ती?"

"नाई घेत. बोलत बी नाई. मी भिंतीवर ठेवतो. आताशा संध्याकाळी वाटी रिकामी असते. काल मी भिंतीवरूनच विचारलं, कोणं खाल्लं. तं मले न पाहता म्हणते, खार आलती." मावशी हसली. "पेरू खाऊन वाटी धुऊन ठेवणारी खार हाय बाप्पा आमच्या इथं."

तेवढ्यात तिची गोळीची वेळ झाली. डबी उघडून तिनं एक गोळी तळहातावर घेतली, आधीच्यापेक्षा लहान. अंगठा सवयीनं वर गेला, नख बरोबर मध्यावर टेकलं. तिथेच थांबलं. तिनं अंगठा उचलून टेबलाच्या कडेला दाबून धरला, गोळी अख्खी तोंडात टाकली आणि वर ग्लासभर पाणी प्यायली.

मग माइक तोंडाशी ओढून तिनं माझ्या गाडीचं नाव पुकारलं, आणि शेवटी, नियमात नसलेलं, जोडलं, "सरकून बसा जी. तिघांत होते."